जे लिहिलं नाही, ते झालं नाही

नर्सिंग कॉलेजात चार वर्षं शरीरशास्त्रापासून समाजशास्त्रापर्यंत पुष्कळ काही शिकवतात आणि त्यातलं पुष्कळ आपण विसरतो. एक वाक्य मात्र कुणी विसरू देत नाही: जे लिहिलं नाही, ते झालं नाही. रात्री दोन वाजता तुम्ही पेशंटची कूस बदललीत, पाठ पुसलीत, चादर ओढून सरळ केलीत, उशाशी बसून रडणाऱ्या मुलाला बाहेर नेऊन पाणी पाजलंत. सकाळी शीटवर नोंद नसेल, तर तुम्ही रात्रभर झोपला होतात. इन-चार्ज सिस्टर तसं सगळ्यांदेखत बोलूनही दाखवतात. उलट ‘कूस बदलली, २.००’ असं निळ्या शाईत सहीनिशी लिहिलेलं असलं, की खुद्द पेशंटने तक्रार केली तरी बिघडत नाही. पेशंटला वेळकाळाचं भान राहिलेलं नाही, अशी आणखी एक नोंद करायची.

नोकरी शोधायला लागलं की हाच नियम आपल्यावर उलटतो. नव्या नर्सने इंटरव्ह्यूला जाताना फाइल न्यायची असते आणि त्या फाइलीत जेवढं असेल, तेवढंच तिच्या आयुष्यात घडलेलं असतं.

फाइल हा विषय निघाला की आमच्या घरात बाकीच्यांनी गप्प बसायचं. बाबांची उभी नोकरी पालिकेच्या एका विभाग कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. निवृत्त झाले तरी अजून घरात येणाऱ्या विजेच्या बिलावर ते वरच्या कोपऱ्यात तारीख टाकून आडवी सही करतात. लग्नपत्रिकेवरही करतात. माझा निकाल लागला त्या संध्याकाळी आई स्टेशनजवळच्या एम. एम. मिठाईवाल्याकडे पेढे आणायला गेली आणि बाबा फाइल आणायला. पेढे दोन दिवसांत संपले. फाइल अजून चालू आहे.

काळ्या रेक्झिनची, आत पारदर्शक पाकिटं असलेली, वर सोनेरी अक्षरांत ‘एक्झिक्युटिव्ह’ असं लिहिलेली ती वस्तू बाबांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली. (आमचं जेवणाचं टेबल म्हणजे शिवणयंत्राचं झाकण, पण ते असो.) मग माझे सगळे कागद मागून घेतले, जन्माच्या दाखल्यापासून हेपेटायटिस-बीच्या लशीच्या कार्डापर्यंत, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने ‘जा. क्र.’ टाकायला सुरुवात केली. दहावी, बारावी, डोमिसाइल, चार वर्षांच्या गुणपत्रिका, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं प्रमाणपत्र. इथवर ठीक होतं. त्यापुढे त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. मी तिसरीत असताना शाळेच्या क्रीडादिनी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत दुसरी आले होते, त्याचं प्रमाणपत्र.

“बाबा, हे कशाला?”

“हात स्थिर असल्याचा पुरावा,” बाबा म्हणाले. “इंजेक्शनला लागतो ना?”

जा. क्र. १७.

नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय ही फाइल म्हणजे नुसतं रेक्झिन. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका कायदा आहे, त्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे, आणि तिथे नाव चढलं की नावापुढे ‘आर.एन.-आर.एम.’ लागतं, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण, दोन्ही एकदम. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर, राज्य विमा योजनेच्या इस्पितळाच्या आवारात. आता आमचं मालाड आणि मुलुंड नकाशावर पाहिलीत तर अगदी समोरासमोर दिसतील. मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्याने मनावर घेतलं तर तो मालाडहून मुलुंडला सरळ चालत जाईल. आर.एन.-आर.एम. व्हायचं असलेल्या माणसाने मात्र आधी दक्षिणेला दादर गाठायचं, पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेने पुन्हा तेवढंच उत्तरेला यायचं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाच्या पोटातून पावणेपाच किलोमीटरचा जुळा बोगदा खणण्याचं काम आता काढलंय. तो होईपर्यंत माझ्या नूतनीकरणाची तारीख येईल, असा बाबांचा हिशोब आहे. नूतनीकरण पाच वर्षांनी असतं.

नोंदणी हातात आल्यावर बाबांच्या मायेला उधाण आलं. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ‘लॅमिनेशन, आधार, पॅन, भाडेकरार’ अशी पाटी आहे. सगळी मूळ कागदपत्रं घेऊन बाबा तिथे गेले आणि म्हणाले, सगळ्यांना जाडं प्लॅस्टिक मारा, मुलीच्या जन्माला पुरलं पाहिजे. बारावीची गुणपत्रिका यंत्राच्या तोंडात अर्धी गेली असताना आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागली आणि सिस्टर इन-चार्ज म्हणून निवृत्त झाली. तिचा आवाज स्पीकरशिवायही झेरॉक्सवाल्यापर्यंत पोचला. “मूळ कागदाला लॅमिनेशन करतात का कुणी? पुढे शिक्का मारायची वेळ आली तर कुठे मारणार? तुझ्या कपाळावर?” झेरॉक्सवाल्याने यंत्र बंद केलं. बारावीची गुणपत्रिका त्यामुळे आज निम्मी चकचकीत आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्री आयुष्यभर टिकतील, बायोलॉजी जपावं लागतं.

आत्याला तिच्या इंटरव्ह्यूबद्दल विचारलं तर ती सांगते, की मेट्रनने तिला उभं केलं, आधी नखं बघितली, मग चपला, आणि विचारलं, नाइटला घरचे सोडतील? आत्या हो म्हणाली. “झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात. फाइल? फाइल पेशंटची असते, नर्सची कसली?”

यावर बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आत्याचा फोन आल्याची वेळ कॅलेंडरवर टिपून ठेवली.

त्या काळ्या फाइलीत सगळ्यात जाड काही असेल तर माझं मिडवाइफरीचं केसबुक. भारतीय परिचर्या परिषदेच्या आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थिनीने वीस नॉर्मल बाळंतपणं स्वतः करायची, तीस गरोदर बायका तपासायच्या, वीस ओल्या बाळंतिणींची शुश्रूषा करायची, टाके पाच जणींचे घालायचे. नियम करणाऱ्यांनी मनाशी एक प्रशस्त लेबर रूम धरली असावी, जिथे बाळंतिणी रांगेने येत आहेत आणि एक विद्यार्थिनी शांतपणे हातमोजे चढवते आहे. प्रत्यक्षात बाळंतीण एक आणि आम्ही सहा. शिवाय इंटर्न डॉक्टर, त्यांनाही आकडा पुरा करायचा असतो. नेमकं आपली पाळी आली की डॉक्टर म्हणणार, सिझेरियनला घ्या. बाहेर नातेवाईक देवाचा धावा करत असतात, की सुखरूप सुटका होऊ दे. आत आम्ही सहा जणी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात, मनातल्या मनात, तोच धावा करत असतो, वर ‘नॉर्मल’ हा शब्द जोडून.

आणि होतं नॉर्मल. डोकं एकीच्या हातात, खांदे दुसरीच्या, नाळेचा चिमटा तिसरीकडे, वार चौथीकडे. पाचवी बाळ पुसते आणि सहावी वेळ सांगते. एवढ्या मोठ्याने सांगते, की जणू जन्म तिनेच दिलाय. मग टेबलाभोवती उभं राहून आपापली नोंद. इन-चार्ज सिस्टर अशा वेळी तराजूचा निवाडा करतात: डोकं जिच्या हातात, केस तिची. बाकीच्यांनी ‘साहाय्य केले’ लिहायचं आणि पुढच्या कळांची वाट बघायची. त्यामुळे एकेका केसची किंमत मला ठाऊक आहे. नाइटला झोपेतून उठून, केस न विंचरता, पळत गाठलेल्या आहेत.

फक्त एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. माझ्या बॅचमधल्या कुणाचंही केसबुक उघडा, बाळाचं वजन २.८ किलो. आमच्या वरच्या बॅचचं उघडा, २.८. खालच्या बॅचचं तर न उघडताही सांगते. खऱ्या वॉर्डात बाळं दीड किलोचीही येतात आणि चार किलोचीही येतात, पण केसबुकापर्यंत पोचेपर्यंत त्यांची प्रकृती सुधारून एका ठिकाणी स्थिरावते.

याच सुमारास मामेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात नर्स आहे, तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली, आता तिच्या बोलण्यात ‘हो’च्या जागी ‘राइट’ येतं. तिने कॅमेऱ्यातून फाइल पाहिली आणि म्हणाली, “राइट. यात तू कुठेयस?” तिच्याकडे दर तीन वर्षांनी नोंदणी टिकवायला ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, पाच जणांचे अभिप्राय आणि पाच चिंतनं द्यावी लागतात. २०१६ च्या एप्रिलपासून हे सुरू झालं. चिंतन म्हणजे ड्यूटीवरची एखादी घटना घेऊन तिच्याबद्दल लिहायचं. तेही मनाला येईल तसं नाही. ग्रॅहॅम गिब्ज नावाच्या गृहस्थांनी १९८८ मध्ये त्याची सहा घरं आखून दिलीत. काय घडलं, काय वाटलं, बरं काय वाईट काय, का, शिकलीस काय, पुढे काय करशील.

“पोर्टफोलिओत अशी दोन तरी चिंतनं घाल,” बहीण म्हणाली. “इम्प्रेशन पडतं.”

चिंतनाला एकांत लागतो म्हणतात. आमचं घर मालाडच्या कुरारला, वन रूम किचन, त्यात आई, बाबा, मी, धाकटा भाऊ आणि त्याचा क्रिकेटचा खेळ चालू असलेला मोबाइल. पहिलं घर मी भरलं. मढच्या एका कोळीण आजीला सलाइन लावायचं होतं.

आजी सत्तरीपार, रंगाने काळीभोर, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, उलट्या-जुलाबांनी पार सुकून आलेली. सुकलेल्या माणसाची शीर दिसत नाही, आणि दिसली तर हाती लागत नाही. माझ्याआधी दोघी प्रयत्न करून गेल्या होत्या. मी ट्रे घेऊन गेले तेव्हा आजीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

“किती वेळा टोचणार?”

“एकदाच, आजी.”

“आधीच्या दोघी पण हेच बोलल्या.” तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ऐक. एकदा. लागली तर लागली. नाही तर तुझ्या मोठ्या बाईला पाठव.”

एवढं बोलून तिने तोंड मिटलं आणि डावा हात पुढे केला. मनगटाच्या वरचा भाग आधीच सुजला होता, म्हणून मी कोपराच्या खाली गेले. पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, बोटाने चाचपत राहिले. शीर डोळ्यांना दिसत नव्हती. बोटाखाली मात्र काही तरी दबून पुन्हा वर येत होतं. निळी सुई घेतली, बावीस नंबरची. गुलाबी घ्यायचा मोह होतो, तिच्यातून सलाइन भराभर जातं, पण त्या शिरेला ती झेपली नसती. स्पिरिट लावलं, वाळू दिलं, कातडी खाली ताणून धरली आणि आत गेले. सुईच्या मागच्या कुपीत रक्ताचा थेंब उतरला. आजीला ते बघता येत नव्हतं, तरी माझ्या खांद्यांवरून तिला कळलं. चिकटपट्टी लावून झाल्यावर तिने हात उलटासुलटा करून पाहिला, पट्टीची कड नखाने दाबून बघितली.

“बरी लावलीस. आता या हाताला कुणाला हात लावू देऊ नको.”

दुपारी सलाइनची दुसरी बाटली चढल्यावर तिच्या जिवात जीव आला आणि तिने मला बाजाराचं शिक्षण दिलं. उभा जन्म तिने टोपली घेऊन मासळी विकली होती. म्हणाली, “भाव एकदाच सांगायचा. मग गप बसायचं. गिऱ्हाईक भावाला घाबरत नाय, गप बसण्याला घाबरतं.” शीटवर या सगळ्याची नोंद अशी आहे: ‘डावा हात, २२ नंबर, आय.व्ही. सुरू, ११.१०.’

तर पहिलं घर असं भरलं. दुसऱ्या घरात, काय वाटलं? मी लिहिलं, भीती. बहीण म्हणाली, एका शब्दात नको, खुलव. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, लिही की रडू आलं, रडू आलं की माणूस वाचतो. भावाने सुचवलं, मोबाइलला विचारू, क्षणात दोन पानं देईल. त्याने विचारलंही. मोबाइलच्या उत्तरात मला अपार करुणा वाटली होती आणि आजीच्या डोळ्यांत कृतज्ञता चमकली होती. आजीच्या डोळ्यांत चमकलं होतं ते मी सांगितलंच आहे. बाबांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “भावनेला जोडपत्र काय?”

चिंतन फाइलीत गेलं. अर्ध्या पानाचं, माझ्याच शब्दांत. जा. क्र. ३१.

यापुढची अडचण जाहिरातींची. ‘स्टाफ नर्स पाहिजेत, किमान एक वर्ष अनुभव.’ अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही, नोकरी अनुभवाशिवाय मिळत नाही. हे कोडं नव्या नर्सने सोडवायचं असतं. मी एकदा वैतागून घरात जाहीर केलं, की फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आजच्या मालाडात कुणी घेतलं नसतं. आणि खरंच बघा. १८५१ मध्ये जर्मनीत कैझर्सवर्थला तीन महिन्यांचं शिक्षण, बस्स. नोंदणी नाही, कारण नोंदणी ही भानगडच तेव्हा नव्हती. आणि पहिली नोकरी थेट सुपरिंटेंडंटची! १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवर, घरंदाज आजारी बायकांच्या इस्पितळात. पगार शून्य. खर्चाला वडील वर्षाला ५०० पौंड देत होते. पुढल्या वर्षी ती क्रिमियाच्या युद्धावर गेली आणि तिथून आमच्या पाठ्यपुस्तकात.

बाबांनी यातलं एकच ऐकलं. “वडील द्यायचे? आजचे किती होतील ते ५०० पौंड?” मग तो विषय त्यांनी घाईघाईने बंद केला आणि मालाडचा दाखला काढला.

मालाडचा दाखला म्हणजे बॉम्बे टॉकीज. हिमांशु राय यांनी १९३४ मध्ये आमच्या मालाडात हा स्टुडिओ काढला, हे बाबा अशा थाटात सांगतात, की जागेचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून गेला असावा. ‘जीवन नैया’ची तयारी चालू असताना नायक चक्क नायिकेला घेऊन पळाला. नायिका देविका राणी, म्हणजे मालकाचीच बायको. ती परत आली, नायकाची नोकरी गेली. मग रायसाहेबांनी लॅबमधला एक पोरगा उचलून उभा केला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्हणाले, हा चेहरा चालणार नाही. चेहरा पुढे साठ वर्षं चालला. अशोक कुमार. १९३६ साल.

“कुठलं एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट होतं त्याच्याकडे?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे मी आता कुणाची नर्स पळून जायची वाट बघू?”

“वाट काय बघायची? खासगी हॉस्पिटलात रोजच पळतात,” फोनवरून आत्या म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. चार दिवसांनी मला ज्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं, तिथल्या दोन जणी एकदम आखातात गेल्या होत्या.

बोलावणं आलं तशी बाबांनी फाइलीत शेवटची भर घातली. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राने खासगी नर्सेसच्या पगाराचा विचार करायला एक समिती नेमली होती. समितीने शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतका द्यावा. बाबांनी ती शिफारस कुठून तरी छापून आणली, पिवळ्या पेनाने रंगवली आणि पहिल्याच पाकिटात घातली, माझ्या बायोडेटाच्याही आधी.

“काढ ते,” आत्या म्हणाली. या वेळी ती प्रत्यक्ष आली होती. “पहिल्याच भेटीला सुप्रीम कोर्ट बरोबर नेतात का? आकडा डोक्यात ठेवू दे तिला. कागद घरी.”

“कागद बोलतो, ताई.”

“म्हणूनच म्हणते, घरी ठेव. तिला बोलू दे.”

तो कागद निघाला. आत्याने माझी नखं बघितली, चपला बदलायला लावल्या आणि बसायच्या आधी ‘बसू का’ असं विचार म्हणाली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी पाऊस होता, म्हणजे मालाड सबवेत पाणी होतं. पूर्वेकडून पश्चिमेला जायला वरचा पूल धरला. त्या पुलावर पावसात सगळं मालाड असतं आणि सगळ्यांच्या छत्र्यांच्या काड्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. फाइल दुधाच्या दोन पिशव्या कापून शिवलेल्या वेष्टनात होती; ते आईचं काम. मी भिजले. फाइलीला थेंब लागला नाही.

हॉस्पिटल चाळीस खाटांचं. समोर दोघं बसले होते. एक एच.आर.चा मुलगा, माझ्याच वयाचा, आणि एक नर्सिंग सुपरिंटेंडंट, केरळच्या, अख्खी नोकरी मुंबईत झालेल्या. त्यांचा ‘ळ’ माझ्यापेक्षा स्वच्छ होता. मुलाने फाइल हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, “हे सगळं पीडीएफ करून टाका ना, दोन एमबीच्या आत.” मॅडमनी काही न बोलता ती त्याच्या हातातून घेतली आणि पहिल्या पाकिटापासून वाचायला लागल्या. लाल आकडे बघून एकदा भुवई वर गेली. १७ नंबरला थांबल्या.

“लिंबू-चमचा?”

“हो मॅडम.”

“दुसरा नंबर का?”

“पहिल्या मुलीने लिंबू अंगठ्याने धरलं होतं.”

“तक्रार केलीस?”

“बाईंनी बघितलं नव्हतं.”

“हं,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं. केसबुकाशी पोचल्यावर चष्मा लावला. बोट रकान्यावरून खाली खाली गेलं. “२.८, २.८, २.८. तुमच्या बॅचला सगळी एकाच वजनाची झाली?”

मी गप्प.

“माझ्या वेळी अडीच होती,” त्या म्हणाल्या. “देशाचं पोषण सुधारलं म्हणायचं.” आणि लगेच, सूर न बदलता: “५०० एम.एल., चार तासांत द्यायचंय, सेट वीस थेंबांचा. मिनिटाला किती?”

“बेचाळीस.”

“थेंब मोजतेस कशाने? मोबाइलने?”

मी आत्याचं सेकंदकाट्याचं घड्याळ दाखवलं. पाऊस असूनही ते चालू होतं. मग सुई टोचली गेली तर काय करशील, पिवळ्या पिशवीत काय टाकशील, रात्री पेशंटचा नातेवाईक दारू पिऊन आला तर आधी कुणाला फोन करशील, असं बरंच झालं. चिंतन त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, “बावीस का? गुलाबी का नाही?” मी कारण सांगितलं. गिब्जच्या उरलेल्या पाच घरांबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं.

मग त्या राउंडला उठून गेल्या आणि मी आणि तो मुलगा राहिलो.

“सॅलरी एक्स्पेक्टेशन?”

“बावीस हजार.”

“फ्रेशरला आम्ही सोळा देतो.”

मी गप्प बसले. चेहरा मढच्या जेट्टीकडे ठेवला. मुलाने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं. “म्हणजे, नाइट अलाउन्स धरून सतरा-साडेसतरा होतात.” मी गप्प. बाहेर कुणाच्या तरी बेडची घंटी वाजत होती, ती थांबली. “अठरा करता येतील. मॅडमना विचारून.” माझी जीभ टाळ्याला चिकटली होती; ते त्याला धोरण वाटलं. “साडेएकोणीस, फायनल. आणि ड्यूटीवर एक वेळचं जेवण.”

साडेएकोणीसला मी हो म्हटलं. समितीपेक्षा पाचशे कमी. ते आजीने सोडले नसते, पण तिच्या गाठीशी पन्नास वर्षांचा बाजार होता.

संध्याकाळी ऑफर लेटर मोबाइलवर आलं. बाबा ते घेऊन तडक झेरॉक्सवाल्याकडे गेले, छापून आणलं, उजव्या कोपऱ्यात तारीख टाकली आणि नवीन वही उघडून हिरव्या शाईत लिहिलं: आवक क्र. १. पाचशे रुपयांबद्दल एक अर्ज करता येईल का, यावर त्यांचा विचार चालू होता. आत्याने पत्र हातात घेऊन आकडा बघितला, ड्यूटीच्या वेळा बघितल्या आणि जेवणाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे कधी देतात, विचारलंस?”

“नाही.”

“रात्री आठला देतात. तू खाशील अडीचला. डबा ने.”